इथंच कशापायी?

कोलंबिया विद्यापीठाच्या प्रवेश-अर्जात एक प्रश्न असतो : तुम्हाला इथंच का शिकायचंय? दिसायला साधा. पण तो उमेदवाराकडून स्तुती काढून घेतो. मग आपली पोरंही भाटगिरी करतात. जगप्रसिद्ध विद्यापीठ, थोर परंपरा, भव्य ग्रंथालय. असलं उत्तर कुठल्याही विद्यापीठाला चिकटवा, चिकटतं. गिरणीत आम्ही धाग्याला ताण देऊन बघतो. हा धागा लगेच तुटतो, कारण लिहिणारा त्यात कुठंच नाही. दुसरी तऱ्हा याहून वाईट : वस्तीचं दुःख विकायला मांडायचं आणि दया मागायची.

बाबासाहेब १९१३ साली तिथं गेले. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात दहा वर्षं नोकरीचा करार. असा बांधलेला माणूस इमारती बघायला जात नाही. ‘इथंच का’चं त्यांचं खरं उत्तर मिळतं मे १९१६ मध्ये, गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी वाचलेल्या जातिसंस्थेवरच्या निबंधात. प्रश्न इथनं नेला, हत्यारं तिथं पाजळली. पुढं १९३० साली कोलंबियाची आठवण लिहिताना त्यांनी नावं घेतली ती माणसांची : ड्यूई, शॉटवेल, सेलिग्मन, रॉबिन्सन.

दोस्तांनो, अर्ज जरूर लिहा. विद्यापीठ किती मोठं ते त्याला सांगू नका, त्याला ठाऊक आहे. तुमचा प्रश्न कोणता, आणि तिथं कोणापाशी बसून तो सोडवायचाय, तेवढं लिहा. मग वस्तीत वाचून दाखवा. तिथं मान खाली घालावी लागली तर फाडा आणि पुन्हा लिहा.