आखाजीची वही

खान्देशात आखाजी म्हटली की माहेर आठवते. बहिणाबाई चौधरींची ‘आखजी’ ज्यांनी वाचली आहे, त्यांच्या डोळ्यांपुढे निंबाला बांधलेला झोका आणि सणाला आलेली सासुरवाशीण उभी राहते. १८८० साली आसोद्यास जन्मलेली व १९५१ साली दिवंगत झालेली ही कवयित्री स्वतः शेतात राबली होती. तिच्या शब्दांतील कष्ट म्हणूनच उसने वाटत नाहीत. तथापि त्याच दिवशी, त्याच गावात आणखी एक गोष्ट घडत असे. सालदाराचे साल आखाजीला सरे आणि आखाजीलाच नवे ठरे. आपल्या साहित्याने झोका जितका पाहिला तितकी ही दुसरी गोष्ट पाहिली नाही, अशी माझी तक्रार आहे.

चोपड्याकडील एका गावात लहानपणी पाहिलेली ती सकाळ मला अजून आठवते. ओट्यावर मालक वही घेऊन बसलेला, खाली सालदार उकिडवा. वर्षाची उचल किती, दाणे किती नेले, आजारपणाचे खाडे किती, हे वाचून झाल्यावर हाती काही येण्याऐवजी देणेच निघाले. मग ते देणे नव्या सालाच्या बोलीत जमा झाले आणि कपड्यांचा जोड व वहाणा ठरल्या. त्याची बायको तेव्हा मालकाच्या गोठ्यात शेण काढीत होती. थोरला मुलगा गुरांमागे गेला होता. वहीत मात्र नाव एकाचेच होते. मालक दुष्ट नव्हता, हेही नमूद केले पाहिजे. सणाचे जेवण त्याने त्या कुटुंबाला प्रेमाने वाढले.

हे आठवण्याचे निमित्त म्हणजे एक जुने जर्मन पुस्तक. वुर्टेम्बर्गचा गॉटलीब मिटेलबर्गर हा शिक्षक व ऑर्गनवादक १७५० साली फिलाडेल्फियास गेला, १७५४ मध्ये परतला आणि १७५६ मध्ये त्याने आपला प्रवासवृत्तांत प्रसिद्ध केला. तो मी इंग्रजी अनुवादातून वाचला. त्या काळी हजारो जर्मन कुटुंबे जहाजाचे भाडे उधार ठेवून अमेरिकेस जात. बंदराला लागल्यावर जो मालक कप्तानाचे भाडे चुकते करी, त्याच्याकडे तीन ते सहा वर्षे चाकरी करावयाची, असा रिवाज होता. दहा-पंधरा वर्षांच्या मुलांना वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत राबावे लागे. आईबाप मुलांच्या चाकरीवर स्वतःचे भाडे फेडीत. नवरा, बायको आणि मुले तीन मालकांकडे तीन दिशांना जात, ती पुन्हा भेटतीलच असे नसे. आणखी एक नियम मिटेलबर्गर सांगतो. अर्धा प्रवास उलटल्यावर नवरा वा बायको समुद्रात मेली, तर मागे उरलेल्याने दोघांचे भाडे फेडायचे. आईबाप दोघेही गेले, तर पोराने स्वतःचे आणि त्यांचेही फेडायचे.

मिटेलबर्गर मोठा लेखक नव्हे. लोकांनी जाऊ नये म्हणूनच त्याने लिहिले. त्यामुळे रंग गडद भरले असतील, असा संशय अभ्यासकांनी घेतला आहे. त्याचे उपदेशाचे परिच्छेद आज वाचवत नाहीत. परंतु मेलेल्याचे भाडे कोणी भरायचे हे तो सांगू लागतो तेव्हा पुस्तक हातातून सुटत नाही. कारण तेथे तो हळहळणे सोडून हिशेब वाचतो. कर्ज एका माणसावरून दुसऱ्यावर कसे सरकते, हे कळल्यावर वेगळी करुणा घालावी लागत नाही.

अर्थात जर्मन चाकर आणि आपला सालदार यांत मोठा भेद आहे. जर्मनाची मुदत संपे व तो मोकळा होई. त्यांच्या कैवारासाठी १७६४ मध्ये फिलाडेल्फियात जर्मन लोकांनी स्वतःची संस्थाही काढली. सालदाराचे साल संपे. देणे मात्र पुढच्या आखाजीला पुन्हा ओट्यावर हजर असे.

मराठीत हा हिशेब सर्वांत निर्भयपणे वाचला तो गोदावरी परुळेकरांनी. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) हे पुस्तक ठाणे जिल्ह्यातील वारल्यांचे असले तरी खान्देशच्या वाचकाला परके वाटू नये. त्यातील ‘लग्नगडी’ लग्नापुरते कर्ज काढतो आणि त्यापायी नवराबायको दोघेही मालकाच्या दारी बांधली जातात. लग्नाचा संस्कार आणि गुलामीचा करार एकाच दिवशी! या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. तरीही एक उणीव मला जाणवते. निवेदन कार्यकर्तीचे असल्याने जागे होण्याचा क्षण आपण तिच्या डोळ्यांनी पाहतो. लग्नगड्याची बायको त्या रात्री घरी काय बोलली असेल, तेथपर्यंत आपण पोचत नाही.

आपल्याला परिचित असलेले एक उदाहरण देतो. संत पौलाचे फिलेमोनास लिहिलेले पत्र सगळे अनेसिम या दासाविषयी आहे. दासाला बंधू म्हणून स्वीकार, अशी त्यातील विनंती आजही हलवून टाकते. पण त्या पत्रात अनेसिमाचा स्वतःचा एकही शब्द नाही. इतके प्रेमाने लिहिणाऱ्याच्या हातूनही ती जागा रिकामी राहिली.

खान्देशात ही जागा भरण्यास आरंभ झाला तो शहाद्यात, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात. (शहादा १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे.) अंबरसिंग सुरतवंती यांनी भिल्ल समाजाला संघटित केले आणि १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. सालदारांची मजुरी आणि गेलेल्या जमिनी हे तिचे प्रश्न होते. स्त्रिया दारूच्या गुत्त्यांवर चालून गेल्या. मारिया मीस या जर्मन विदुषीने १९७६ मध्ये या चळवळीवर विस्तृत निबंध लिहिला. त्याच वर्षी वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला. याच चळवळीतून वाहरू सोनवणे हे कवी पुढे आले. त्यांच्या ‘गोधड’ (१९८७) या संग्रहाची भाषा अलंकाराला भीक घालत नाही. ‘स्टेज’ ही कविता तर आम्हां लिहिणाऱ्यांनाच उद्देशून आहे. ज्यांचे दुःख त्यांना खाली बसवून इतरांनीच व्यासपीठावरून ते सांगावे, या प्रकाराला ती नाव देते. ही कविता वाचल्यापासून असा लेख लिहिताना माझा हात अडखळतो. प्रस्तुत लेखही त्याला अपवाद नाही.

ग्रामीण कथेतला सालदार मात्र माझ्या वाचनात बहुधा इमानी गडी म्हणूनच आला. तो मालकाच्या बैलावर जीव लावतो, मालकाच्या मुलीच्या लग्नात रडतो. हे खोटे नाही. पण त्याच्या बायकोने काढलेले शेण कोणाच्या खात्यात गेले, हे त्या कथेतून कळत नाही. तिला नाव असले तरी ते हाक मारण्यापुरते असते.

आज सालदार मिळत नाही, अशी शेतकऱ्यांची तक्रार ऐकू येते. सातपुड्याच्या पायथ्याची कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन उसाच्या फडांवर जातात. तेथे नवराबायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. वहीत एक कोयता, फडात चार हात आणि पाचटावर निजलेले मूल. ते मूल मोठे होऊन लिहू लागले तर बहिणाबाईंचा झोका त्याला परका वाटणार नाही; त्याची आईही आखाजीला माहेरी जाते, उचल फिटली असेल तर.