मोफत तिकीट आणि कार्बनचा हिशेब

बसप्रवास मोफत केला की लोक मोटारसायकली घरी ठेवतील आणि शहरांतील कार्बन घटेल, असे विधान वारंवार केले जाते. विधान आकर्षक आहे. पण विज्ञानशिक्षकाने ते तपासल्याशिवाय वर्गात सांगू नये.

भंडारा ते नागपूर हे सुमारे ६० किलोमीटर अंतर घेऊ. एस.टी. लिटरला ४ किलोमीटर धावते असे मानल्यास १५ लिटर डिझेल लागेल. एक लिटर डिझेल जळून सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे एका खेपेला ४० किलो. गाडीत ४० प्रवासी असतील तर माणशी १ किलो; दहाच असतील तर ४ किलो. लिटरला ५० किलोमीटर जाणारी मोटारसायकल तेवढ्याच अंतरात पावणेतीन किलो वायू सोडते. म्हणजे रिकामी बस मोटारसायकलपेक्षाही वाईट!

मग तिकीट काढून टाकून बस भरली की झाले? तेवढ्याने भागत नाही. नवा प्रवासी पूर्वी कशाने जात होता, हे पाहावे लागते. एस्टोनियातील टॅलिन शहराने २०१३ साली रहिवाशांना बस मोफत केली. बसप्रवास वाढला, पण पायी चालणे बरेच घटले; मोटारी मात्र थोड्याच कमी झाल्या.

आपल्या राज्यात २०२२ साली ७५ वर्षांवरील नागरिकांना एस.टी. मोफत झाली आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट लागू झाले. लाखांदूर-पवनीकडील एखादी बाई त्यामुळे दवाखान्यात किंवा माहेरी जाऊ शकली, तर तो लाभ मोठाच आहे. पण ती पूर्वी घरीच बसत असेल, तर कार्बन एक ग्रॅमही वाचला नाही. न्यायाचा लाभ कार्बनच्या खात्यात मांडणे हा हिशेबातला घोटाळा होय. मोटारसायकलवाल्याला तर तिकिटापेक्षा वेळेवर येणारी आणि रात्री परत आणणारी बस हवी असते.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना बसस्थानकावर न्यावे. प्रवाशांना एकच प्रश्न विचारावा : "बस नसती तर कसे आला असता?" मोटारसायकल, सायकल, पायी, आलोच नसतो, असे चार रकाने करावेत. कार्बनची बचत फक्त पहिल्या रकान्यात सापडेल. उरलेले रकानेही मोलाचे आहेत. मात्र त्यांचे मोल किलोत मोजू नये.