सूक्ष्म खनिजे आणि अस्थिआरोग्य : प्रचलित मांडणीची चिकित्सा

आहारशास्त्राच्या आपल्या क्रमिक पुस्तकांत सूक्ष्म खनिजांचे प्रकरण बहुधा कोष्टकरूपाने येते. तांब्यामुळे कोलॅजनचे धागे परस्परांशी जोडले जातात, मँगनीज कूर्चेच्या जडणघडणीस साहाय्य करते, जस्त अस्थिवाढीस आवश्यक असते. यांतील एकही विधान चुकीचे नाही. तथापि प्रत्येक खनिजास स्वतंत्र रकाना दिल्याने ती शरीरातही परस्परांपासून अलिप्त राहतात, असा समज दृढ होतो. प्रस्तुत लेखातील आक्षेप या मांडणीवर आहे.

नलगोंडा जिल्ह्याचे (तेव्हा आंध्र प्रदेश, आता तेलंगण) उदाहरण या संदर्भात बोलके आहे. पाण्यातील फ्लोराइडमुळे होणारा अस्थिविकार भारतात १९३७ मध्येच नेल्लोर जिल्ह्यात नोंदला गेला होता. १९७३ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील कृष्णमाचारी व कृष्णस्वामी यांनी 'लॅन्सेट'मध्ये फ्लोराइडग्रस्त भागातील वेगळ्याच विकृतीचे वर्णन केले. किशोरवयीन मुलांचे गुडघे आत वळलेले. पाठीचा कणा दाट, हातापायांची हाडे मात्र विरळ. केवळ फ्लोराइडने या विसंगतीचा उलगडा होत नव्हता. रुग्ण प्रामुख्याने ज्वारीवर जगणारे होते. देवस्थळे व गोपालन यांनी १९७४ मध्ये दाखविले की, ज्वारीतील मोलिब्डेनमचे प्रमाण अधिक असल्यास मूत्रावाटे तांब्याचे उत्सर्जन वाढते. तांबे घटले की लायसिल ऑक्सिडेज हे विकर दुर्बळ होते आणि कोलॅजनची वीण सैल पडते.

ही उपपत्ती निर्विवाद नाही. पुढे अमेरिकेत तरुणांवर झालेल्या नियंत्रित अभ्यासात मोलिब्डेनमचा तांब्यावर असा परिणाम आढळला नाही. परंतु ते प्रयोग सुपोषित व्यक्तींवर झाले होते. फ्लोराइडयुक्त पाणी पिणाऱ्या, कॅल्शियमची उणीव असलेल्या वाढत्या मुलांना तो निष्कर्ष जसाच्या तसा लावणे धाडसाचे ठरेल. ज्वारीस दोषी ठरविणेही तितकेच अन्यायाचे आहे, कारण दाण्यातील मोलिब्डेनम जमीन व पाण्यानुसार बदलते.

यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील काही भागांत भूजलात फ्लोराइड आढळते. तेथील महाविद्यालयांतही फ्लोराइडच्या रकान्यात 'दात बळकट करते' एवढेच शिकविले जात असेल, तर पाण्यातील १.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर ही कमाल मर्यादा विद्यार्थ्याला परीक्षेपुरतीच ठाऊक राहते. घरच्या विहिरीच्या पाण्याचा तपासणी-अहवाल व आठवड्याचा आहार यांची एकत्र नोंद हे प्रात्यक्षिक अभ्यासक्रमात घालण्यास विशेष खर्च येणार नाही.