‘हीट वेव्ह’ वाचताना: शिकागोचं उत्तर नको, प्रश्न घेऊन या

परदेशात इमर्जन्सी मॅनेजमेंटच्या मास्टर्सला जायची तयारी करत असाल, तर एक गोष्ट आधीच सांगते. सुरुवातीच्या एखाद्या तासाला तुमच्यासमोर एक वर्तुळ येईल: हानी कमी करणं, पूर्वतयारी, प्रतिसाद, पुनर्बांधणी. चार टप्पे, चार बाण. इतकं सुटसुटीत की निसर्गनियमच वाटावा. प्रत्यक्षात ही मांडणी १९७९ साली अमेरिकेतल्या राज्यांच्या गव्हर्नरांच्या संघटनेने केलेल्या अभ्यासातून रूढ झाली. ‘फेमा’ ही तिथली केंद्रीय आपत्ती यंत्रणा उभी राहिली तीही त्याच वर्षी. घटनास्थळी कुणी कुणाचं ऐकायचं हे ठरवणारी ‘इन्सिडंट कमांड सिस्टिम’ कॅलिफोर्नियातल्या १९७० च्या वणव्यांनंतर घडली, आणि तिचं भारतीय रूप आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना म्हणून आणलं. म्हणजे तुम्ही जे तंत्र म्हणून शिकणार आहात, त्यात एका देशाचा अनुभव मुरलेला आहे. ते उपयोगी आहेच, पण त्याला गाव आहे.

हे ध्यानात ठेवून एक पुस्तक वाचा, शक्यतो निघायच्या आधीच. एरिक क्लायनेनबर्ग यांचं ‘हीट वेव्ह’, २००२ साली आलेलं. जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली. पारा १०६ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे आपल्या ४१ अंशांपर्यंत गेला. नागपूरचा वाचक इथेच हसेल. पण त्या एका आठवड्यात शहरात नेहमीपेक्षा ७३९ माणसं जास्त मेली. शवागारात जागा उरली नाही, बाहेर शीतगृहाचे ट्रक उभे करावे लागले.

मी विज्ञान शाखेतून आले. असा आकडा दिसला की माझा हात आधी तापमान, आर्द्रता, रात्रीचा किमान पारा यांच्या तक्त्याकडे जातो. क्लायनेनबर्ग विचारतात ते वेगळंच: ऊन सगळ्यांवर सारखं पडलं, मग मेले ते कोण? शवविच्छेदनात डॉक्टर शरीर उघडून बघतो, तसं हे शहर उघडून बघायचं, असा त्यांचा पवित्रा आहे. एकटे राहणारे म्हातारे, वस्त्यांची स्थिती, महापालिकेच्या सेवा, महापौरांची प्रतिमा सांभाळण्याची धडपड, वृत्तपत्रांनी बातमी कशी रंगवली, असे एकेक थर ते उघडत जातात. महापौर रिचर्ड डेली यांनी तर वैद्यकीय परीक्षकांच्या आकड्यांवरच शंका घेतली होती. हे प्रकरण दोनदा वाचा. आपत्तीत पहिलं भांडण मदतीवरून होतं असं आपण समजतो. पुष्कळदा ते मोजणीवरून होतं.

इथे ‘७३९’ हा आकडा कसा येतो ते समजून घ्या, कारण पुढे तुम्हाला तो हिशोब करावा लागेल. प्रत्येक मृत्यूच्या दाखल्यावर ‘उष्णता’ असं लिहिलेलं नसतं. हृदयविकार लिहिलेला असतो. म्हणून त्या दिवसांत एरवी किती मृत्यू अपेक्षित होते ते काढायचं आणि प्रत्यक्षातल्या मृत्यूंमधून वजा करायचं. उरतात ते अतिरिक्त मृत्यू. अहमदाबादेत मे २०१० च्या लाटेचा अभ्यास झाला तेव्हा याच रीतीने १,३४४ अतिरिक्त मृत्यू निघाले. त्या शहराने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आणला. आकडा नसता, तर आराखड्यासाठी कुणाला पटवणार होतात?

आता पुस्तकाच्या सगळ्यात गाजलेल्या प्रकरणाकडे येऊ. माझी तक्रार तिथेच आहे.

नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या शिकागोतल्या शेजारशेजारच्या वस्त्या. हवा तीच. एकटे राहणारे गरीब वृद्ध दोन्हीकडे जवळपास सारख्या प्रमाणात. तरी पहिलीत लाखामागे ४० मृत्यू, दुसरीत ४ पेक्षा कमी. क्लायनेनबर्ग यांचं उत्तर असं: नॉर्थ लॉनडेल या कृष्णवर्णीय वस्तीतून कारखाने गेले, दुकानं गेली, रस्ते ओस पडले आणि भीतीपोटी म्हातारी माणसं दार लावून बसली. साउथ लॉनडेल या मेक्सिकन वस्तीत मात्र बाजार गजबजलेला होता, त्यामुळे म्हातारे घराबाहेर पडत होते.

गोष्ट पटते. नको इतकी पटते. म्हणून जरा थांबा आणि टक्केवारी सोडून नुसती माणसं मोजा. पहिल्या वस्तीत १९, दुसरीत ३. इतक्या छोट्या संख्येत चार-पाच मृत्यू इकडचे तिकडे झाले तरी दहापटीचा फरक केवढा खाली येईल, ते कागदावर करून बघा. शिवाय शिकागोत असे ७७ विभाग आहेत. त्यातली एक ठसठशीत जोडी निवडली की कुठलीही कहाणी उठून दिसते. निवडीमागचं कारण लेखकाने कितीही नीट दिलं, तरी वाचणाऱ्याने उरलेल्या ७५ विभागांचं काय, हे विचारायलाच हवं.

यापेक्षा मोठा आक्षेप समाजशास्त्रज्ञ मिचेल डुनियर यांनी घेतला. ते त्या वस्त्यांत मेलेल्यांच्या पत्त्यांवर गेले, त्यांना ओळखणाऱ्यांशी बोलले, आणि म्हणाले की प्रत्यक्षात मेलेल्या माणसांना हे स्पष्टीकरण लागू पडत नाही. वस्तीबद्दल जे खरं, ते त्या वस्तीतल्या अमुक माणसाबद्दलही खरं मानणं, याला ‘इकॉलॉजिकल फॅलसी’ म्हणतात. १९५० साली रॉबिन्सन यांनी तिचं झकास उदाहरण दिलं होतं: अमेरिकेत ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे निरक्षरता कमी; पण व्यक्तिशः बघितलं तर परदेशात जन्मलेल्यांमध्येच निरक्षरता जास्त. कारण साधं आहे, स्थलांतरित लोक जास्त साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते. क्लायनेनबर्ग यांचं प्रत्युत्तरही तितकंच धारदार होतं: कित्येक वर्षांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून ऐकलेलं म्हणजे सांगोवांगी, आणि त्यातून दोष मेलेल्यांच्याच माथी जातो. हा वाद २००६ मध्ये ‘अमेरिकन सोशिऑलॉजिकल रिव्ह्यू’त छापून आला. पुस्तकासोबत तोही वाचा. संशोधनातला आक्षेप कसा घ्यायचा आणि कसा परतवायचा, हे तिथे शिकायला मिळतं.

माझं मत विचाराल, तर वस्त्यांच्या त्या प्रकरणात पुरावा कहाणीएवढा भक्कम नाही. ती एक चांगली अटकळ आहे. पण नगरपालिका आणि वृत्तपत्रांवरची प्रकरणं आजही टिकून आहेत, कारण तिथे लेखक निर्णय, बैठका आणि बातम्या यांचा माग काढतो. तिथे वस्तीवरून माणसाकडे उडी मारावी लागत नाही.

याचा परदेशी विद्यार्थी म्हणून तुमच्याशी काय संबंध? सांगते. मास्टर्सच्या शेवटी प्रबंध येतो. ब्रिटनसारख्या ठिकाणी सगळा अभ्यासक्रमच वर्षभराचा, प्रबंधाच्या हाती उन्हाळ्याचे काही महिने. घाईत सगळ्यात सोपा विषय सुचतो: ‘अमुक चौकट, महाराष्ट्राला लावून’. मग शिकागोचं उत्तर विदर्भावर चिकटवलं जातं: एकटे वृद्ध, बंद खिडक्या, ओस रस्ते. पण आपल्याकडे भर दुपारी बांधकामावर आणि शेतात माणसं राबत असतात. पत्र्याच्या खोलीत सहाजणांचं कुटुंब असतं, तिथे कुणी एकटं नसतं. धोका त्यांनाही आहे, पण त्याची वाट वेगळी आहे. ‘एकाकीपणा’ हा शब्द हातात घेऊन गेलात, तर ही माणसं तुमच्या प्रश्नावलीत येणारच नाहीत. आणि आपत्तीच्या अभ्यासात जो प्रश्नावलीत येत नाही, तो पुढे आराखड्यातही येत नाही.

म्हणून क्लायनेनबर्ग यांच्याकडून प्रश्न घ्या, ‘मेले ते कोण?’, आणि डुनियर यांच्याकडून शंका घ्या. निघण्यापूर्वी दोन कामं उरका. तुमच्या शहराच्या मृत्युनोंदी दिवसवार आणि प्रभागवार मिळतात का, कुणाच्या परवानगीने मिळतात, हे इथे असतानाच विचारून ठेवा. परदेशात बसून अर्ज करण्यात महिने जातात. आणि मृतांच्या घरच्यांशी बोलायचं असेल, तर विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी लागेल, ते वेळापत्रकात आधीच धरा.

वर्गात तुम्हाला शिकागो अनोळखी असेल. काउंटी म्हणजे काय, वैद्यकीय परीक्षक कोण, तो महापौरांच्या हाताखाली येतो की नाही, सगळं विचारावं लागेल. लाजू नका. तिथल्या मुलांना जे गृहीतच असतं, त्याबद्दल प्रश्न तुम्हालाच पडणार आहेत. ती सवय परत येताना सोबत आणा, कारण मग आपली महानगरपालिकाही तुम्हाला तितकीच अनोळखी दिसेल, आणि तिच्याकडे मृतांचा आकडा मागायला तुम्ही कचरणार नाही.