शिष्यवृत्तीवर भाषणं, खोलीवर गप्प

एप्रिल आला की स्टेजवर एक वाक्य हमखास ऐकू येतं. सयाजीरावांनी शिष्यवृत्ती दिली आणि बाबासाहेब अमेरिकेला गेले. टाळ्या पडतात. वक्ता पुढं थेट पदव्यांवर उडी मारतो. आमच्या कळसला हेच, इंदापूरला हेच, बारामतीला हेच. आपल्या कविताही ह्याच वाटेनं जातात. शिष्यवृत्ती आणि पदवी ह्यांच्या मधल्या दिवसांत हा माणूस झोपला कुठं, जेवला काय, शेजारी कोण होतं, हे कुणी विचारत नाही.

मला तेच विचारायचं आहे. मी सूतगिरणीत पाळीवर काम करणारा माणूस. कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे वाचलं ते रातपाळी उतरल्यावर. पण दर जूनला बघतो. वस्तीतलं एखादं पोरगं बारावी होतं, भिगवणला गाडी धरतं आणि पुण्याला जातं. फॉर्म कसा भरायचा हे सांगणारे त्याला दहा भेटतात. राहायचं कुठं हे सांगणारा एक भेटत नाही. आपल्या साहित्यात जे लिहिलं गेलं नाही, तेच त्या पोराला कुणी सांगत नाही. म्हणून हा प्रश्न साहित्याचाही आहे.

आधी 1913 साल नीट वाचू. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. ती फुकट नव्हती. 4 जूनला करारावर सही झाली : शिक्षण झालं की दहा वर्षं संस्थानची नोकरी. जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले. वय बावीस. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल ह्या वसतिगृहात खोली मिळाली. तिथलं जेवण मानवलं नाही. आठवडाभरात ते निघाले आणि वेस्ट 114व्या रस्त्यावरच्या कॉस्मॉपॉलिटन क्लबात गेले. तिथं काही हिंदी विद्यार्थी राहायचे. नंतर पुन्हा विद्यापीठाच्याच लिव्हिंग्स्टन हॉलमधे आले. तिथं सोबती मिळाला नवल भथेना, पारशी मुलगा. ही मैत्री जन्मभर टिकली. 1920 साली बाबासाहेब अपुरं शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा ह्याच भथेनांनी उसने पैसे दिले.

आता ह्यात बघण्यासारखं काय आहे? खोली बदलता आली, हे. जेवण पटलं नाही, बदल. सोबत पाहिजे, बदल. जिथं अभ्यास होईल तिथं जा. आमच्या माणसाला आपली जागा आपण निवडायची मुभा आयुष्यात पहिल्यांदा मिळाली ती सातासमुद्रापलीकडं. पदवीपेक्षा ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

आता दुसरं पान. 1917. शिष्यवृत्तीची मुदत संपली, शिक्षण अर्धं टाकून परत यावं लागलं. करारात लिहिल्याप्रमाणं नोकरीला बडोद्यात हजर. ही हकिगत बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या छोट्या आत्मकथनात स्वतः लिहिली आहे. ते 1935-36 च्या सुमाराचं. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं 1990 साली छापलं. ज्यानं वाचलं नसेल त्यानं आधी ते वाचावं, मग जयंतीला बोलायला उभं राहावं.

त्यात ते सांगतात की परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. बडोदा स्टेशनावर उतरल्यावर प्रश्न पडला, जायचं कुठं? हिंदू हॉटेलात घेणार नाहीत. मग पारशी धर्मशाळा. ती पारशांसाठीच, म्हणून वहीत पारशी नाव घातलं. वर एक छोटी खोली, बाजूला अडगळीनं भरलेलं मोठं दालन, रात्री कंदील. अकराव्या दिवशी कामावर निघताना डझनभर पारशी काठ्या घेऊन जिन्यावर आले. आठवड्याची मुदत मागितली, मिळाली नाही. संध्याकाळच्या आत खोली सोड. एका हिंदू मित्राकडं विचारलं, एका ख्रिश्चन मित्राकडं विचारलं. दोघांनीही टाळलं. गाडी रात्रीची. तोवर कामाठी बागेत बसून राहिले.

इथं आपले वक्ते डोळे पुसतात. लिहिणाऱ्यानं मात्र ते पुसलेले नाहीत. त्यानं एखाद्या पंचनाम्यासारखं सगळं मांडलंय : कुठली जागा, किती दिवस, कोण आले, काय बोलले. समीक्षक म्हणवणाऱ्यांनी ह्या लिखाणाला वेदनेचा दस्तऐवज म्हणून हार घातला आणि बाजूला ठेवला. मला ते हिशोबाचं लिखाण वाटतं. ज्या बडोद्यानं शिष्यवृत्ती दिली त्याच बडोद्यात खोली मिळाली नाही. न्यूयॉर्कला पारशी मुलगा खोलीतला सोबती होता, बडोद्यात पारशांच्याच काठ्या होत्या. धर्म तोच. मग फरक कशानं पडला? न्यूयॉर्कची खोली विद्यापीठाची होती, नियमानं मिळाली होती. बडोद्याची खोली समाजाच्या हातात होती. शिष्यवृत्ती लांबचा राजा देऊ शकतो, ती कागदावर नावाला मिळते. खोली शेजाऱ्याला द्यावी लागते, आणि जात पहिल्यांदा तिथं कळते.

एवढं मोठं सूत्र हाताशी असताना आपल्या लेखकांनी त्याचं काय केलं? 'बलुतं' 1978 ला आलं, 'उपरा' 1980 ला, 'अक्करमाशी' 1984 ला. ह्या पुस्तकांनी गाव, भूक, आई, रस्ता सगळं अंगावर आणलं. त्यांचं ऋण मान्यच. पण गावकुसाबाहेरचं घर जितक्या बारकाईनं आपल्या आत्मकथनांत आलं, तितक्या बारकाईनं हॉस्टेल आलेलं नाही. मेसची रांग, रेक्टरची खोली, दारावरच्या यादीत आडनाव वाचणारी नजर, पहिल्या वर्षाची पहिली रात्र, हे सगळं आपण घाईनं ओलांडतो. जणू गावातून निघालो आणि थेट नोकरीला लागलो.

आणि चळवळ तर हॉस्टेलातच वाढली, गड्यांनो! शाहू महाराजांनी 1908 साली कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग काढलं. बहिष्कृत हितकारिणी सभा 1924 ला निघाली आणि तिनं 1925 च्या जानेवारीत सोलापूरला वसतिगृह उघडलं. आपल्या इंदापूरला लागून असलेला हा जिल्हा. 1950 साली औरंगाबादला मिलिंदची सुरुवात झाली. खेड्यातली पोरं तिथं राहिली, शिकली, लिहायला लागली. 1972 ची पँथर समजून घ्यायची तर वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहाचं नाव घ्यावंच लागतं. नीरेपलीकडं फलटणला बेबीताई कांबळे होत्या. 'जिणं आमुचं' लिहिणाऱ्या ह्या बाईनं पुढं निंबुऱ्याला मुलांसाठी निवासी शाळा चालवली. बाई लिहून थांबली नाही. जागा उभी केली.

आता आजचा हिशोब मांडू. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 पासून आहे, तिच्यामागं बाबासाहेबच होते. 2021 च्या केंद्रीय नियमांत पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. फीशिवाय जो शैक्षणिक भत्ता मिळतो तो साध्या बी.ए., बी.कॉम.ला हॉस्टेलवाल्यासाठी वर्षाला 6000 आणि घरून येणाऱ्याला 3000. राहण्याचा खर्च वेगळा असतो हे सरकारलाही कबूल आहे, पण त्याची किंमत महिन्याला अडीचशे रुपये धरली. ह्यात पुण्यात खाट तरी मिळेल का?

म्हणून राज्यात 2016-17 पासून स्वाधार योजना आली. ज्यानं शासकीय वसतिगृहासाठी अर्ज केला पण प्रवेश मिळाला नाही, त्याच्यासाठी ती आहे. पुणे-मुंबईसारख्या शहरात वर्षाला 60000 : भोजन 32000, निवास 20000, निर्वाह 8000. योजना चांगली, पण तिचा अर्थ नीट वाचा. सरकार हॉस्टेल बांधण्याऐवजी पोराच्या हातात पैसे देतंय आणि म्हणतंय, खोली तू शोध. म्हणजे पुन्हा घरमालकाच्या दारात. तो आडनाव विचारतो, गाव विचारतो, मटण शिजवता का विचारतो, आणि खोली कालच दिली म्हणून सांगतो. अनामत रक्कम पहिल्या दिवशी लागते, योजनेचे पैसे मागनं येतात. 1917 चं बडोदं असं फॉर्मच्या मागच्या बाजूला आहे.

म्हणून नव्यानं जाणाऱ्यांना सरळ सांगतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार जोडलेलं बँकखातं हे निकालाच्या आधी तयार ठेवा. शासकीय वसतिगृहाचा अर्ज पहिल्यांदा भरा, मिळणार नाही असं कुणी म्हणालं तरी भरा, कारण स्वाधारचा रस्ता तिथूनच जातो. निवड करायला मिळाली तर स्वस्त आणि एकट्या खोलीपेक्षा कॉलेजजवळची, चार जण सोबत असलेली जागा घ्या. पोरीला तर हे आणखी लागू, कारण तिचं शिक्षण बऱ्याच घरांत हॉस्टेल मिळतं का ह्यावरच ठरतं. आणि पुण्यात आधी गेलेल्यांनी जूनचा पहिला महिना आपल्या खोलीत एका नव्या पोराला जागा द्यावी. हे काम भाषणापेक्षा मोठं आहे.

शिष्यवृत्ती आणि खोली दोन्ही काढून घेतल्यावर काय होतं ते आपण बघितलेलं आहे. हैदराबाद विद्यापीठात पाच संशोधक विद्यार्थ्यांना हॉस्टेलातून काढलं. गाद्या आणि बाबासाहेबांची तसबीर घेऊन ते बाहेर पडले आणि उघड्यावर राहिले. त्या जागेला त्यांनी नाव दिलं वेलिवाडा, म्हणजे आपला वाडा, गावाबाहेरचा. 17 जानेवारी 2016 ला त्यातला रोहित वेमुला गेला. त्याच्या शेवटच्या चिठ्ठीत सात महिन्यांच्या थकलेल्या फेलोशिपचा आकडा होता, 1 लाख 75 हजार. मरतानासुद्धा आपलं पोरगं हिशोब लिहून गेलं, जसा बाबासाहेबांनी बडोद्याचा लिहिला होता.

तेव्हा कवींनो, शिष्यवृत्तीवरची कविता जरा थांबवा. खोलीवर लिहा. कुणी नाकारली, कुणी दिली, किती भाडं, खिडकीतून काय दिसतं, शेजारच्या खाटेवर कोण झोपतं. रडून लिहू नका, मोजून लिहा. पुढच्या जूनला भिगवणला गाडी धरणाऱ्या पोराला ते उपयोगी पडलं पाहिजे.