बळीराजा धरण आणि मर्यादेचा प्रश्न

पर्यावरणनिष्ठ समाजाचा विषय निघाला की आपण लगेच बाहेरच्या नावांकडे धावतो. मीही वर्गात तेच करत आलो. मरे बुकचिन या अमेरिकन विचारवंताचा 'द इकॉलॉजी ऑफ फ्रीडम' हा ग्रंथ 1982चा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की माणसाने आधी माणसावर हुकमत गाजवली आणि त्यातून निसर्गावर हुकमत गाजवायची कल्पना आली. म्हणून नुसती झाडं लावून भागत नाही, सत्तेची उतरंड मोडावी लागते. हा विचार तपासायचा असेल तर आपल्याला लांब जायला नको. येरळेच्या काठावर जाऊ.

मुंबईचा गिरणी संपही 1982चाच. संपकरी कामगार खानापूर तालुक्यात गावी परतले, तर इथे दुष्काळ. त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. भारत पाटणकर, गेल ऑम्व्हेट हे कार्यकर्ते-अभ्यासक आणि के. आर. दाते यांच्यासारखे अभियंते तिच्याबरोबर होते. रोजगार हमीवर खडी फोडता फोडता लोकांनी विचारलं, दुष्काळ खरंच निसर्गाचा, की धोरणाचा? नदीतली वाळू ठेकेदार नेत होते. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी मागणी केली, थोडी वाळू आम्हाला विकू द्या, त्या पैशातून आम्ही धरण बांधतो. संघर्ष करून ती मान्य करून घेतली आणि बळीराजा धरण उभं राहिलं. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणसांच्या हिशेबाने द्यायचं, भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला पाणी नाही, अशी भूमिका होती.

आता कोणी म्हणेल, वाळूउपशाला विरोध आणि वाळू विकूनच धरण, ही विसंगती नाही का? मला ती वाटत नाही. ॲरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स'च्या पहिल्याच भागात एक फरक केलाय. घर चालवण्यासाठी लागणाऱ्या संपत्तीला मर्यादा असते. पैशासाठी पैसा मिळवण्याला नसते. गावाची गरज धरण झालं की संपते. ठेकेदाराची संपत नाही. वाळू तीच, पण हेतू बदलला की नदीशी असलेलं नातंही बदलतं.

माझा आक्षेप पुढचा आहे. नागनाथअण्णा नायकवडी आणि पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली कृष्णेच्या पाण्यासाठी मोठा पाणी संघर्ष झाला. आटपाडीसारख्या तालुक्यांना हक्काचं पाणी मिळावं, ही मागणी शंभर टक्के न्याय्य. पण त्यात समन्यायाचा आवाज मोठा राहिला आणि मर्यादेचा बारीक झाला, असं मला वाटतं. ताकारी, टेंभूसारख्या योजनांत पाणी पंपाने उचलून वर न्यावं लागतं. ते तिथे पोहोचलं की ऊसही पोहोचतो. सर्वांनी अगदी समान वाटून घेऊनही नदी कोरडी करता येते, बघा. न्याय आणि मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बुकचिनच्या मांडणीतली फटही मला इथेच दिसते: उतरंड मोडली म्हणजे हाव आपोआप मोडते, असं नाही.

यावर दुष्काळी भागातला माणूस लगेच विचारेल, "नदीकाठी तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऊस लावला, आणि पाणी आमच्याकडे यायला लागल्यावर तुम्हाला मर्यादा आठवली?" हा प्रश्न बिनतोड आहे. मी नदीकाठचाच. आमच्या वडिलोपार्जित रानात आजही ऊस उभा आहे. म्हणजे मर्यादा सुरू व्हायची तर ती आमच्या बांधावरून.

धाकट्या भावाला मी म्हणालो, निदान दोन एकरांतला ऊस काढू. तो म्हणाला, "दादा, उसाला कारखान्याची टोळी येते, बिल खात्यावर पडतं. तुमची ज्वारी कोण न्यायला येणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. चळवळीने पाण्याच्या वाटपाचं गणित मांडलं. उसाशिवाय घर कसं चालेल, त्याचं गणित मांडल्याशिवाय मर्यादा म्हणजे पेन्शन घेणाऱ्याने केलेला उपदेश ठरेल. तो उपदेश मी आज केलाच. प्रश्नोत्तरांत त्यावर बोला, माझ्यावरही बोला.