तलवार, मंत्र आणि वाचक : अद्भुतरम्य साहसकथांचे पुनर्वाचन

प्रास्ताविक

'मराठी कादंबरीचा उदय' हा घटक पदवीच्या वर्गात शिकविताना 'मुक्तामाला' आणि 'मंजुघोषा' यांच्या वाट्याला साधारणतः अर्धी तासिका येते. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, तर नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ ची. दोन्ही अद्भुतरम्य, म्हणून दोन्ही अपरिपक्व. पुढे हरि नारायण आपटे आले आणि मराठी कादंबरी वयात आली, असे सांगून आपण पुढच्या घटकाकडे वळतो. प्रस्तुत लेखिकेनेही अनेक वर्षे असेच शिकविले.

हा क्रम एका प्रश्नाने मोडला. मुलुंडहून लोकलने येणारा एक विद्यार्थी प्रवासात मोबाइलवर रॉबर्ट ई. हॉवर्ड या अमेरिकन लेखकाच्या कॉनन-कथा वाचत असे. तासिका संपल्यावर त्याने विचारले, "मॅडम, ह्यातला 'वेंध्या' देश म्हणजे आपणच ना? मग वाचताना मी कोणाच्या बाजूचा?" प्रश्न साधा होता, परंतु अशा साहित्याला 'पलायनवादी' ठरवून बाजूला सारणाऱ्या समीक्षेकडे त्याचे उत्तर नव्हते. हे उत्तर शोधण्यासाठी मराठी अद्भुतरम्य परंपरा आणि हॉवर्डच्या दोन कथा यांचे एकत्र पुनर्वाचन येथे केले आहे.

पलायनाचा आरोप

मराठीत अद्भुताविषयीचा संशय जुना आहे. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ साली 'नावल व नाटक ह्यांविषयीं निबंध' लिहून अशा ग्रंथांतील असंभाव्यतेची कठोर तपासणी केली. पुढे वास्तवदर्शन हाच कादंबरीचा धर्म ठरला आणि 'अद्भुतरम्य' हे विशेषण वर्णनापेक्षा निकाल देण्यासाठीच वापरले जाऊ लागले. भालचंद्र नेमाडे यांनी 'यमुनापर्यटन' (१८५७), 'मुक्तामाला' आणि 'मोचनगड' (१८७१) या तीन कादंबऱ्यांवरून मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती दाखवून दिल्या, तेव्हा 'मुक्तामाले'ला निदान एका प्रवृत्तीचे नाव मिळाले. वर्गात मात्र ते नाव बहुधा दोषाचे उदाहरण म्हणूनच येते.

रिसबूडांनी आपली बाजू 'मंजुघोषे'च्या प्रस्तावनेत स्वतःच मांडली होती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, हिंदू समाजातील विवाहाच्या व इतर रीती पाहता, रोजच्या अनुभवातील गोष्टी लिहिल्या तर त्यांत मनोरंजक असे काही सापडणार नाही. म्हणून लेखकाला अद्भुताकडे वळावे लागते. ही प्रस्तावना सामान्यतः अपयशाची कबुली म्हणून वाचली जाते. वस्तुतः ती समाजाचे निदान आहे. ज्या समाजात विवाह बालपणीच ठरतो आणि ज्यांचा विवाह त्यांनाच त्यात मत नसते, तेथे प्रीतीची वास्तववादी कथा घडणार कशी? संमतिवयाचा कायदा येण्यास अजून २३ वर्षे होती, आणि १८९१ च्या त्या कायद्यानेही मर्यादा दहावरून बारा वर्षांपर्यंतच वाढविली. स्वतःच्या मनाने जोडीदार निवडणारी नायिका या समाजात दाखवायची, तर तिला राजकन्याच करावे लागे आणि तिचे नगर नकाशाबाहेर वसवावे लागे.

तेव्हा 'पलायन' हा शब्द वापरायचाच असेल, तर त्याला तीन प्रश्न जोडले पाहिजेत. हे पलायन कशातून आहे? ते कोठे नेते? आणि ते कोणाच्या खांद्यावर बसून केलेले आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे रिसबूड देतात. तिसऱ्या प्रश्नापाशी मात्र आपली परंपरा अडखळते. येथे नायक राजघराण्यातला असतो. संकटे संपतात तेव्हा ज्याचे राज्य त्याला परत मिळते आणि जगाची उतरंड होती तशीच राहते. निवडीचे स्वातंत्र्य मिळते, पण ते कुलीनांना.

टेक्ससमधील तलवार

हॉवर्डचा (१९०६–१९३६) नायक नेमका याच ठिकाणी वेगळा पडतो. 'वीअर्ड टेल्स' या स्वस्त कागदावर छापल्या जाणाऱ्या अमेरिकन मासिकात डिसेंबर १९३२ मध्ये कॉनन प्रथम अवतरला आणि १९३६ पर्यंत त्याच्या १७ कथा तेथे प्रसिद्ध झाल्या. या कथाप्रकाराला 'तलवार आणि जादू' हे नाव फ्रिट्झ लायबर यांनी १९६१ साली सुचविले. म्हणजे हॉवर्डच्या मृत्यूनंतर पाव शतकाने. कॉननला कुळ नाही, वारसा नाही. पहिल्याच कथेत तो राजा आहे, पण ते राज्य त्याने बळकावलेले आहे. टेक्ससमधील क्रॉस प्लेन्स या लहान गावात खनिज तेलामुळे आलेली भरभराट आणि तिच्याबरोबर आलेली बजबजपुरी हॉवर्डने तरुणपणी पाहिली होती. महामंदीच्या काळात शब्दांच्या हिशेबाने मोबदला घेऊन लिहिणाऱ्या या लेखकाला सुधारलेल्या जगाविषयी भरवसा उरला नव्हता. त्याचे पलायन कशातून होते, ते यावरून उमगते.

योगायोग असा की, आपले बाबूराव अर्नाळकरही १९०६ सालीच जन्मले. त्यांचे झुंजार आणि काळापहाड कॉननसारखी तलवार चालवीत नाहीत. पण मागणीबरहुकूम, अखंड आणि सामान्य वाचकासाठी लिहिणारा लेखक समीक्षेच्या हिशेबात धरला जात नाही, हा अनुभव दोन्ही भाषांत सारखाच आहे.

वेंध्या : कोणाच्या बाजूने?

'द पीपल ऑफ द ब्लॅक सर्कल' ही कादंबरिका सप्टेंबर ते नोव्हेंबर १९३४ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. विंध्यावरून वेंध्या, हिमालयावरून हिमेलिया, पेशावरवरून पेशखौरी ही नावे मराठी वाचकाला लगेच ओळखू येतात. हॉवर्डने हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता. त्याचा वेंध्या वायव्य सरहद्दीवरील इंग्रजी साहसकथांच्या सामग्रीतून उभा राहिला आहे. त्या कथांप्रमाणेच येथेही डोंगरी टोळ्यांचे नेतृत्व बाहेरून आलेला गोरा पुरुष करतो, आणि राज्यकर्ती यास्मिना पळवून नेली जाते. ही कादंबरिका क्रमशः छापली जात असतानाच, ऑक्टोबर १९३४ मध्ये, डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन मुंबईत भरले होते. खरा 'वेंध्या' आपले राजकारण स्वतः ठरवीत होता. त्याची चाहूल या कथेला नाही.

तरीही यास्मिना केवळ बंदिनी नाही. भावाचा आत्मा मांत्रिकांच्या हाती जाऊ नये म्हणून ती त्याला स्वतःच्या हाताने मारते, सूडाचा बेत स्वतः आखते आणि शेवटी नायकाबरोबर न जाता सिंहासनाकडे परतते. लेखकाची दृष्टी तिला शोभेची वस्तू करते, कथानक मात्र तिला राज्यकर्तीच ठेवते. हा अंतर्विरोध वेंध्यातून वाचणाऱ्याला स्पष्ट दिसतो. कॉननच्या खांद्यावर बसलेल्या वाचकाला तो दिसेलच असे नाही.

गजमुखाची करुणा

'द टॉवर ऑफ द एलिफंट' (मार्च १९३३) ही कथा याहून अधिक गुंतागुंतीची आहे. रत्न चोरण्यासाठी मनोऱ्यात शिरलेल्या तरुण कॉननला तेथे हत्तीचे मस्तक असलेला एक जीव आढळतो. प्रथम त्याला ती मूर्ती वाटते, मग राक्षस. नंतर कळते की तो परग्रहावरून आलेला, आंधळा केलेला, छळलेला बंदी आहे. यारा या शिष्याने त्याच्याकडून विद्या घेतली आणि त्यालाच गुलाम केले. भस्मासुराची गोष्ट ऐकत वाढलेल्या वाचकाला ही कृतघ्नता अपरिचित नाही.

अमेरिकन वाचकाच्या मनात आधी भय निर्माण करून नंतर करुणा जागवावी, अशी या प्रसंगाची रचना आहे. मराठी वाचकाच्या बाबतीत तिचा पूर्वार्ध निष्फळ ठरतो, कारण गजमुखाचे आपल्याला भय नाही. पण त्यामुळे करुणा आधीच पोहोचते, आणि साऱ्या मानवजातीचा अपराध आपल्या माथी आल्यासारखी कॉननची जी अवस्था होते, ती अधिक खोलवर समजते. ज्या तलवारीवर हा कथाप्रकार उभा आहे, तिचा येथील निर्णायक उपयोग शत्रूला मारण्यासाठी होत नाही. पीडिताच्याच विनंतीवरून त्याला मुक्त करण्यासाठी होतो.

यावरून हॉवर्डला निर्दोष ठरविता येणार नाही. त्याच्या हयातीत अप्रकाशित राहिलेली आणि १९६७ साली छापली गेलेली 'द व्हेल ऑफ लॉस्ट विमेन' ही कथा कृष्णवर्णीयांविषयीच्या द्वेषाने इतकी भरलेली आहे की, तिचे कोणतेही समर्थन संभवत नाही. गजमुखाचे दुःख जाणणारा आणि हे लिहिणारा लेखक एकच आहे. पुनर्वाचनाने यांपैकी एक बाजू झाकून दुसरी दाखविणे अप्रामाणिक ठरेल.

समारोप

विद्यार्थ्याला आता उत्तर देता येईल. वाचकाने कॉननची बाजू घ्यावी की वेंध्याची, हे कथा ठरवीत असली तरी तिचा निर्णय वाचकावर बंधनकारक नाही. आपण ज्या ठिकाणी उभे राहून वाचतो, तेथून लेखकाला न दिसलेले काही दिसते. त्या दिसण्यालाच समीक्षा म्हणावयाचे.

हाच न्याय आपल्या पुस्तकांनाही लावला पाहिजे. 'मंजुघोषे'तील अर्धी तासिका वाढवून पूर्ण करावी, रिसबूडांची प्रस्तावना मुळातून वाचून घ्यावी आणि तिसरा प्रश्न वर्गापुढे ठेवावा : या कथांतील दासी, वनवासी, मांत्रिक यांना स्वतःची बाजू आहे काय? वेंध्याच्या वतीने हॉवर्डला जाब विचारणाऱ्या विद्यार्थ्याने उद्या त्या दासीच्या वतीने आपल्याला तोच प्रश्न केला, तर त्याचे उत्तर आपल्यापाशी असले पाहिजे.